विदुलाचं वाण

विदुला, काल संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या.

परत सांगते, कारण पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नव्हतं. कमी पडल्या! केअरटेकर डेव्हने आधी जेवणाच्या खोलीतल्या आणल्या, मग स्टाफरूममधल्या मऊ गादीच्या आणल्या, आणि शेवटी व्यायामाचे ते बुटके लाकडी बाक ओढत आणले. त्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसली होती आणि एकाचीही तक्रार नव्हती. सप्टेंबरमध्ये नव्याने येणाऱ्या मुलांच्या आईबापांची संध्याकाळ होती. हेडटीचर बाई बोलायला उभ्या राहिल्या, त्यांनी हॉलवरून एक नजर फिरवली आणि पहिलं वाक्यच विसरल्या. त्यांना कुणी दोष दिला नाही.

तू हवी होतीस. असं सगळेच म्हणतात, पण मी ते रागाने म्हणतेय. तू गेलीस आणि बरोबर नऊ दिवसांनी कौन्सिलचा निर्णय आला की शाळा बंद होणार नाही. नऊ दिवस! अगं, आयुष्यभर भूल देणारी डॉक्टर म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये मोठमोठ्या सर्जन लोकांना ‘थांबा, माझा पेशंट अजून तयार नाही’ म्हणून थोपवून धरलंस. स्वतःची वेळ आली तेव्हा तेवढं थांबता आलं नाही? मला खरंच चीड आली होती. निर्णयाची ईमेल वाचली, तुला फोन लावायला हात गेला, आणि मग ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन हमसून हमसून रडले. बाहेर आल्यावर शेजारच्या टेबलवरच्या मुलीने विचारलं, वाईट बातमी आहे का? म्हटलं, नाही गं बाई, फार चांगली आहे.

मागच्या ऑक्टोबरमधला तो हॉल आठवतो? शाळेची ओपन इव्हनिंग. तू शाळेच्या कारभारी मंडळातली गव्हर्नर, म्हणून दाराशी बिल्ला लावून उभी. मी नुसतीच तुझी मैत्रीण म्हणून आलेली. डेव्हने ओळीने खुर्च्या मांडल्या होत्या आणि आले ते आईबाप पुढच्या एका रांगेत मावले. सायन्सच्या बाईंनी फुग्यांचा प्रयोग केला, पोरांनी व्हायोलिन वाजवलं, आणि मागच्या रिकाम्या रांगा सगळं बघत राहिल्या. नंतर आपण दोघींनी त्या खुर्च्या एकावर एक रचल्या. तू एक शब्द बोलली नाहीस. तू गप्प बसलीस की मला धडकी भरते, म्हणून मीच काहीबाही बडबडत होते.

मीही काय बडबडणार? त्या शाळेच्या गळ्याला फास लावणारा रिपोर्ट माझ्या हातचा होता.

आपल्या या चिमुकल्या गावात तीन पायऱ्यांची शाळा. चार वर्षं लहान शाळा, मग नऊ ते तेरा वयाची मिडल स्कूल, मग हायस्कूल. इंग्रजांच्या या देशात बहुतेक ठिकाणी हे कधीच मोडीत निघालं. ईलिंगच्या माझ्या मावसबहिणीला मिडल स्कूल म्हणजे काय ते मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा नाद सोडला. आपल्याकडे मात्र टिकलं, आणि गावाला त्याचा अभिमान होता. मग एका वर्षी इन्स्पेक्शनमध्ये शाळेची फजिती झाली. ज्यांच्याकडे गाडी, त्यांनी पोरं शेजारच्या गावच्या शाळेत घातली. पट घसरायला लागला. आणि पट किती घसरला, पुढे किती घसरेल, हे कौन्सिलमध्ये बसून सांगायची नोकरी कुणाची? माझी. मी लिहिलं की ही शाळा पालकांना नकोशी झालेली आहे. सरकारी इंग्रजीत लिहिलं, पण अर्थ तोच. कौन्सिलने त्यावरून शाळा बंद करायचा प्रस्ताव काढला.

तू तो वाचलास आणि मला फोन केलास. ‘सुनंदे, शनिवारी पोहे खायला ये.’ म्हटलं, आता आपली धडगत नाही.

तुझे पोहे खात खात आपण जे भांडलो! तुझा नवरा, बिचारा अनिल, चहाचा कप घेऊन बागेत निघून गेला, पाऊस असूनही. तू म्हणालीस, ‘निकाल वाईट, निकाल वाईट म्हणता. पोरं आमच्याकडे येतात नऊ वर्षांची, आणि जेमतेम पाच टर्म, म्हणजे दोन वर्षंही झाली नाहीत, की ती सरकारी परीक्षा. चार वर्षं दुसरीकडे शिकलेल्या पोरांचं खापर आमच्या डोक्यावर. बाहेर पडताना तेराव्या वर्षी ती काय होऊन जातात, ते मोजता का तुम्ही कधी?’ मी म्हटलं, ते मोजायची पद्धत नाही. ‘मग पद्धत काढ!’ जसं काही मी पंतप्रधान आहे.

यावर आपलं कधीच एकमत झालं नाही आणि आजही नाही, हे इथेच सांगून ठेवते. तू गेलीस म्हणून मी हार मानली असं समजू नकोस. निकाल सुधारायलाच हवे होते. पाच टर्म असोत की पंधरा, पोराला भागाकार यायला हवा. पण तू नुसतं भांडून थांबली नाहीस, हेही खरं. दर मंगळवारी शाळेत जाऊन बसायचीस. बाकीचे स्वयंसेवक पोरांचं वाचन ऐकतात, आणि तू त्यांना शंभरापासून सात-सात वजा करत उलटं मोजायला लावायचीस. म्हणायचीस, ‘चाळीस वर्षं पेशंटना उलटं मोजायला सांगितलं, नव्वदच्या खाली कुणी उतरला नाही. ही पोरं दोनपर्यंत येतात आणि वर माझ्याकडे बघून हसतात!’ फेब्रुवारीत नवे इन्स्पेक्टर आले तेव्हा त्यातल्या एका साहेबांनी तुझ्या कोपऱ्यातल्या मुलीला विचारलं, काय चाललंय इथे? ती म्हणाली, डॉक्टर आम्हाला झोपवायचा प्रयत्न करतायत पण अजून एकदाही जमलेलं नाही. हेडटीचरना वाटलं, संपलं सगळं. साहेब म्हणे खो खो हसले आणि त्या मुलीला तेराचा पाढा विचारून बघितला. तिने तोही उलटा म्हटला. अहवाल चांगला आला, विदुला. चांगला म्हणजे चांगलाच आला. तो मात्र तू वाचून गेलीस, एवढं माझं समाधान.

पण मी पोह्यांच्या भांडणाबद्दल सांगत होते. निकालाचं सोड, पट का घसरला ते मला शोधायचंय, असं म्हणून तू दुसऱ्याच दिवसापासून घरोघर फिरायला लागलीस. पायात ते बर्फातले बूट, डोक्याला मफलर, हातात यादी. मी खूप चेष्टा केली. ‘इथे लोक लीफलेट टाकतात विदुला, फार तर ईमेल करतात. दारात जाऊन आग्रह करायला हे काय संक्रांतीचं हळदीकुंकू आहे?’ तू शांतपणे म्हणालीस, ‘घरी जाऊन बोलावल्याशिवाय कुणी येतं का कुठे?’

आणि मग एका रविवारी हॉस्पिटलच्या मागच्या क्वार्टर्समध्ये तुला अश्विनी भेटली. नागपूरची, नुकतीच आलेली नर्स, मुलगा लहान शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तू विचारलंस, मिडल स्कूलसाठी कुठली शाळा लिहिलीस फॉर्ममध्ये? ती म्हणाली, ‘कोणता फॉर्म? शाळावाले आपोआप पुढच्या वर्गात नाही का टाकत, मॅडम?’

शेजारच्या दारात केरळचं जोडपं. त्यांचंही तेच. पलीकडे घानाहून आलेला एक बाप, एकटा, दोन मुली. त्याला तर असा काही फॉर्म असतो हेच पहिल्यांदा कळलं. आपल्याकडे पोराला एकदा शाळेत घातलं की ते दहावीपर्यंत वर वर सरकत जातं, मध्येच पुन्हा अर्ज करायचा असतो हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? पत्रं आली होती, पण ती दहा पत्रांमधलं एक होऊन फ्रिजवर लागली होती.

तू तशीच भिजलेल्या बुटांनी माझ्याकडे आलीस. जे सांगितलंस ते मला ऐकायचं नव्हतं. मागची दोन-तीन वर्षं हॉस्पिटलने बाहेरून इतकी माणसं आणली, त्यांच्या पोरांचे फॉर्मच आले नाहीत. फॉर्म नाहीत म्हणून शाळेने एक वर्ग बंद केला. मग ही मंडळी उशिरा जागी झाली तेव्हा शाळेत जागा नाही, म्हणून कौन्सिलने त्यांच्या पोरांना शेजारच्या गावच्या बसमध्ये बसवलं. आणि मी माझ्या तक्त्यात काय लिहिलं? इथल्या पालकांची शेजारच्या गावाला पसंती आहे. ‘पसंती!’ तू म्हणालीस. ‘ती पोरं बसमध्ये उलट्या करतात रोज सकाळी, सुनंदा. पसंती म्हणे!’

मी चिडले. माणूस चुकला की चिडतो, त्यातली मी तर पट्टीची. मी तावातावाने म्हटलं, ‘पोराच्या शाळेचा फॉर्म भरायला कोणते आईबाप विसरतात गं? ज्यांना पडलेली नसते ते!’

तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस. मग म्हणालीस, ‘चल, निघते, अनिल जेवायचा थांबला असेल.’ आणि गेलीस.

मी सिंकमधली भांडी घासायला घेतली आणि तिसऱ्या ताटलीला माझे हात थांबले. कारण मला आठवलं. माझी मुलगी मीरा नऊ वर्षांची होत होती. आम्ही ईलिंगहून इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तू सहज विचारलंस, मीराचा फॉर्म दिलास ना? आणि मी म्हटलं, कसला फॉर्म? शेवटचा दिवस होता. बाहेर बर्फ पडत होतं. तू ड्यूटी बदलून घेतलीस, मला गाडीत कोंबलंस, रस्त्यात शिव्या घातल्यास, आणि शाळेच्या ऑफिसात रांगेत उभी राहिलीस, कारण मला तेव्हा फॉर्ममधल्या इंग्रजीचीसुद्धा भीती वाटायची. मीरा त्या शाळेत शिकली. त्या शाळेने तिला घडवलं. आणि मी, नंतरच्या इतक्या वर्षांत, सगळ्यांना ऐटीत सांगत आले की आम्ही विचारपूर्वक ती शाळा निवडली.

तुला हे आठवत होतं. माझ्या किचनमध्ये उभी होतीस तेव्हा तुझ्या जिभेवर होतं ते. एका वाक्यात माझं थोबाड बंद करता आलं असतं. ते वाक्य तू गिळलंस आणि अनिलच्या जेवणाचं निमित्त काढलंस. तुझे सगळे उपकार मी विसरेन एक वेळ, पण ते न बोललेलं वाक्य विसरणार नाही. भांडणात इतकी सभ्यता मला या जन्मात जमणार नाही.

आणि मग संक्रांत आली. योग बघ, फॉर्म द्यायची शेवटची तारीख संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तू हळदीकुंकू केलंस. दरवर्षी करतेसच, चार मराठी बायका, कुणी लांबून गाडी हाकत येणारी, तिळाचे लाडू, आणि वाण म्हणून प्लास्टिकचे डबे नाहीतर चहाची गाळणी. या वर्षी तू सगळ्या क्वार्टर्सना बोलावलंस. प्रत्येक दारात जाऊन, कुंकवाची कुयरी घेऊन. सवाष्ण-बिवाष्ण काही नाही, ज्याच्या घरात नऊ वर्षांचं पोर त्याला आमंत्रण. घानाच्या त्या बापाने म्हणे कपाळ पुढे केलं आणि विचारलं, माझा मान कुठला? तू त्याला हळद लावलीस. आणि वाण काय लुटलंस? फॉर्म! डायनिंग टेबलवर तीन लॅपटॉप, एकावर तू, एकावर अनिल, एकावर करकरीत साडीतली अश्विनी. हातावर तिळगूळ ठेवायचा आणि म्हणायचं, गोड बोला आणि मुलाची जन्मतारीख सांगा.

मला हे सगळं ऐकून माहीत, कारण मी आले नाही. तू मला बोलवायला आली होतीस, नियमाप्रमाणे, घरी. मी दारातच म्हटलं, माझी नोकरी आहे विदुला, मला असल्या ठिकाणी दिसता येणार नाही. ते खरंही होतं. पण अर्धंच खरं होतं, उरलेली अर्धी लाज होती. तू काही वाद घातला नाहीस. हळदीकुंकू लावलंस, लाडू दिलास आणि पर्समधून एक कोरा, कागदाचा फॉर्म काढून माझ्या हातात ठेवलास. मी म्हटलं, अगं माझ्या घरात आता पोर कुठे आहे? ‘नसू दे. वाण आहे, नाही म्हणू नये.’ आणि पायऱ्या उतरून गेलीस. तुझं लंगडणं मला तेव्हा दिसलं होतं. विचारायला हवं होतं. तो बूट घट्ट असेल असं म्हणून मी दार लावलं.

महिनाअखेरीला माझ्या स्क्रीनवर आकडे आले. आपल्या शाळेसमोरचा आकडा बघून मी आधी फाइल चुकली समजले. मग मागच्या वर्षांचं सगळं परत उपसलं, पत्ता पत्ता लावून, बसमधलं एकेक पोर मोजून. आणि रिपोर्ट पुन्हा लिहिला. वरच्या साहेबांना सांगितलं, आधीचा अंदाज चुकीच्या समजुतीवर होता, आणि ती समजूत माझी होती. साहेबांचा चेहरा पडला. पण त्यांनी तो बदल सभेच्या कागदपत्रांत जसाच्या तसा छापला, हे मात्र मानायला हवं.

तू ते कागदपत्र वाचलेस. अर्थात वाचलेस, तू किराणाच्या डब्यावरचा मजकूरही वाचतेस. तुझा मेसेज आला: ‘वाचलं. शनिवारी पोहे खायला ये.’

मी आले नाही. काय तोंड दाखवू असं वाटलं. पुढच्या शनिवारी जाऊ म्हटलं. पुढच्या शनिवारी तू हॉस्पिटलमध्ये होतीस, आपल्याच हॉस्पिटलात, जिथे तू इतक्यांना झोपवून पुन्हा जागं केलंस. मी पोचले तोवर बोलण्यासारखी राहिली नव्हतीस. अनिलने सांगितलं, संक्रांतीपासून पाय दुखत होता, पण तिने ‘आधी शाळेचं होऊ दे’ असं धोरण ठेवलं होतं. मला तुझ्या अंगावर ओरडावंसं वाटलं. मी तुझे पाय दाबत बसले. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द होते नुसते, विदुला. तेवढेही मी तुला तोंडाने सांगितले नाहीत, छापून सांगितले.

अंत्यसंस्काराला मीरा आली होती. गाडीत बसल्यावर तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, ‘आई, विदुलामावशी माझ्यासाठी लाइनमध्ये उभा राहिला होता ना? स्नोमध्ये?’ मी तिला हे कधीच सांगितलं नव्हतं. तूही सांगितलं नसणार. नऊ वर्षांची पोर मागच्या सीटवर बसून सगळं बघत होती.

तर कालची संध्याकाळ. हेडटीचर बाईंना त्यांचं पहिलं वाक्य सापडलं, ते तुझ्याबद्दलचं होतं. मग त्या म्हणाल्या, डॉक्टरांची मैत्रीण इथे आहे, तिने दोन शब्द बोलावेत. मी तुझ्यावर छान छान बोलायला म्हणून उठले. समोर बघते तर तो हॉल! कुणी हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममध्ये तसंच आलेलं, कुणाच्या कडेवर बाळ, घानाचा तो बाप सूट घालून पहिल्या रांगेत. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘मी कौन्सिलमध्ये शाळेच्या पटाचा अंदाज बांधते. बावीस वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या मुलीचा फॉर्म भरायला मी विसरले होते. मला वाटलं होतं, आपोआप वर घालतात.’

मग अश्विनी जी हसली! तिच्या मागे सगळा हॉल. लोक एकमेकांना कोपरं मारत होते, ‘मी पण, मी पण’ म्हणत होते. टाळ्या वाजल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या, हे मला चांगलं कळत होतं. मी म्हटलं, डॉक्टरांनी मला तेव्हा गाडीत घालून इथे आणलं आणि त्यानंतर कधीही, कुणापाशीही ते काढलं नाही. त्या बरोबर होत्या, माझं चुकलं होतं. शेवटचं वाक्य मी मराठीत बोलले, कारण ते त्यांच्यासाठी नव्हतं.

खाली उतरले तर एक बाई माझी वाट बघत उभी. परवाच गावात आलेली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागलेली, हाताशी दहा वर्षांची मुलगी. हळूच विचारते, फॉर्म भरावा लागतो का हो? मी पर्स उघडली. तुझं वाण संक्रांतीपासून तिथेच होतं, चार घड्या घातलेलं. खरं सांगायचं तर फॉर्म चुकीचा होता, वर्षाच्या मध्ये येणाऱ्यांचा वेगळा असतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी वरचं शीर्षक खोडलं, त्यावर बरोबर शीर्षक लिहिलं, आणि त्या बुटक्या बाकावर बसून दोघींनी तो भरला. आज सकाळी आमच्या कौन्सिलच्या ऑफिसात मी स्वतः नेऊन दिला. टेबलवरच्या मुलीने भुवया उंचावल्या. म्हटलं, घे मुकाट्याने.

हॉलच्या मागे सगळ्यांनी आपापल्या घरून खायला आणलं होतं. अनिलने तुझा स्टीलचा डबा आणला होता. मी फॉर्म भरून उठले तसा तो प्लेट घेऊन पुढे आला. म्हणाला, ‘कधीची बघतोय, येतेस की नाही. ती सांगून गेली होती, सुनंदा पोहे खायला यायची आहे, तिला लिंबू जास्त लागतं.’

पोहे गिच्च झाले होते, विदुला, आणि लिंबू फारच जास्त होतं. मी दोनदा घेतले.